टीव्हीसमोरची बॉक्सिंग : घाम किती खरा, मनगटाचा झटका किती?

उत्तर पुणे जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात पहाटे फिरायला जाणं ही आता सोपी गोष्ट राहिलेली नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत बिबट्याचा वावर आहे. अंधारात एकट्याने बाहेर पडू नका, असं वन विभाग सांगत असतो. उजाडेपर्यंत थांबावं तर धारा, डबे आणि शाळेच्या गाडीची घाई. पश्चिमेकडच्या डोंगराळ गावांत पावसाळ्याचे चार महिने चिखलातच जातात. बायकांची अडचण आणखी वेगळी. सकाळी बूट घालून रस्त्याने पळणारी सून अजूनही कितीतरी गावांत चर्चेचा विषय होते. इकडे दवाखान्यात शुगर, बीपी तपासलं की डॉक्टर गोळ्यांसोबत सांगतात, रोज अर्धा तास व्यायाम करा.

या कोंडीत एक पर्याय अधूनमधून पुढे येतो, तो म्हणजे बॉक्सिंगचा व्हिडिओ गेम. हातात रिमोट धरून टीव्हीसमोर उभं राहायचं आणि पडद्यावरच्या गड्याला ठोसे हाणायचे. पंधरा-अठरा वर्षांपूर्वीची ही यंत्रं शहरातल्या जुन्या बाजारात आणि ऑनलाइन जाहिरातींत नव्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळतात. कुणाचा पुण्या-मुंबईतला भाऊ नवं घेतो आणि जुनं गावी धाडून देतो.

दहा मिनिटांत अंग घामाने भिजतं, असं सांगणारे भेटतात. अर्धा तास खेळूनही शर्ट कोरडा राहिलेलेही भेटतात. दोघंही खरंच बोलत असतात. गेम तोच, यंत्र तेच, मग फरक एवढा का पडतो? हे समजलं तर पैसे घालायचे की नाही, ते ज्याचं त्याला ठरवता येईल.

यंत्राला दिसतं काय?

हा प्रकार घराघरांत नेला तो जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘वी’ या यंत्राने. २००६ च्या नोव्हेंबरात ते बाजारात आलं. अमेरिका-युरोपात त्याच्यासोबत ‘वी स्पोर्ट्स’ नावाची डिस्क मिळायची. तिच्यात टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग असे पाच खेळ होते. या डिस्कच्या ८ कोटींहून जास्त प्रती खपल्या. बॉक्सिंगसाठी उजव्या हातात रिमोट आणि डाव्या हातात वायरने जोडलेला छोटा तुकडा धरायचा. त्या तुकड्याला नंचक म्हणतात.

दोन्हींच्या आत अ‍ॅक्सेलरोमीटर असतो. मोबाईल आडवा केला की चित्र आडवं होतं, ते याच भागामुळे. पण या भागाला तुमचा हात दिसत नाही. हात कुठे आहे, किती लांब गेला, मुठीमागे खांदा आला की नाही, यातलं त्याला काहीच कळत नाही. वेग किती झटकन बदलला, एवढंच तो मोजतो. चालल्याची पावलं मोजणारा मोबाईल पाळण्याला बांधून झोका दिला, तर तोही पावलं मोजू लागतो. तसाच हा प्रकार.

२०१० च्या सप्टेंबरात सोनीने प्लेस्टेशन ३ साठी ‘मूव्ह’ आणलं. याच्या दांड्याच्या टोकाला रंगीत उजेडाचा गोळा असतो. टीव्हीजवळ ठेवलेला कॅमेरा तो गोळा पाहून हात कुठे आहे ते ओळखतो आणि गोळा लहान-मोठा दिसण्यावरून अंतरही ताडतो. त्यामुळे ठोसा लांब मारला की आखूड, हे त्याला बरंच कळतं. या यंत्रावर ‘द फाइट : लाइट्स आउट’ नावाचा रस्त्यावरच्या मारामारीचा गेम निघाला. दोन्ही हातांत एकेक दांडा धरला की पडद्यावरचे हात बऱ्यापैकी आपल्या हातांसारखे चालतात. मारामारी मात्र रांगडी आहे. लहान मुलांसमोर लावण्यासारखा हा गेम नव्हे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी ‘किनेक्ट’ काढलं. यात हातात काहीच धरायचं नसतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांचे ठिपके खोलीभर टाकून कॅमेरा माणसाचा अख्खा आकार ओळखतो. डोकं, खांदे, कोपरं, कंबर, गुडघे असं सगळं धरून. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख किनेक्ट विकले गेले आणि गिनीज बुकात नोंद झाली. २०१७ मध्ये कंपनीने त्याचं उत्पादन बंद केलं. ‘किनेक्ट स्पोर्ट्स’मध्ये बॉक्सिंग आहे. शरीर जास्त पाहणारं यंत्र म्हणून व्यायामाला हे सोयीचं, पण त्याला मोकळी खोली लागते. तो मुद्दा पुढे येईल.

यानंतरचं निन्टेन्डोचं ‘स्विच’ २०१७ चं. त्यावरचा ‘फिटनेस बॉक्सिंग’ जपानात २०१८ च्या अखेरीस आणि बाहेर २०१९ च्या सुरुवातीला आला. यात समोर शत्रू नसून गाण्याच्या तालावर ठोसे मारायचे असतात. म्हणजे मारामारी कमी आणि कवायत जास्त. अलीकडे डोळ्यांवर चष्म्यासारखा डबा लावून खेळायचे व्हीआर गेमही आले आहेत. त्यातला ‘द थ्रिल ऑफ द फाइट’ हा २०१६ चा गेम दमवण्याबाबत नावाजलेला आहे.

मनगटाची चलाखी

आता कोरड्या शर्टाचं कोडं सुटतं. वी स्पोर्ट्सची बॉक्सिंग काही दिवस खेळलं की हाताला एक गोष्ट आपोआप कळते. पूर्ण ताकदीने लांब ठोसा मारण्यापेक्षा मनगटाला बारीक झटके दिले तर पडद्यावरचा गडी भराभर मारतो. मॅचही जिंकता येते. सोफ्यावर रेलून, एका हाताने चहा पीतसुद्धा जिंकता येते, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. माणूस जसजसा गेममध्ये हुशार होतो, तसतसा त्याचा व्यायाम घटतो. जिममध्ये याच्या उलट होतं. तिथे तरबेज माणूस जास्त वजन उचलतो.

मूव्हला मनगटाने फसवणं अवघड, पण त्यात दुसरी गोम आहे. ‘द फाइट’मध्ये पुढे-मागे सरकायला बटण दाबून दांडा कलता करावा लागतो. म्हणजे पडद्यावरचा माणूस रिंगणभर फिरतो आणि खेळणाऱ्याचे पाय एकाच फरशीवर राहतात. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्यांचे आणि नितंबांचे. तेच बसून राहिले तर श्वास आणि हृदय म्हणावं तसं कामाला लागत नाही. खांदे भरून येतात, हात दुखतात आणि माणसाला वाटतं, आज चांगला व्यायाम झाला. दुखण्यावरून व्यायाम मोजायची ही सवय आपल्याकडे जुनीच आहे.

गेम जिंकणं आणि व्यायाम होणं ही दोन वेगळी कामं आहेत. यंत्र फक्त पहिल्याचा हिशेब ठेवतं.

मोजमापात काय निघालं?

यावर अभ्यास झालेले आहेत आणि त्यांचे निकाल जाहिरातींपेक्षा बरेच थंड आहेत. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १३ ते १५ वर्षांच्या ११ मुलामुलींना बसून खेळायचा मोटारींचा गेम आणि वी स्पोर्ट्सचे तीन खेळ दिले. त्यात बॉक्सिंग होती. त्यांचा निष्कर्ष डिसेंबर २००७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. बसून खेळण्यापेक्षा उभ्याने खेळताना किमान ५१ टक्के जास्त शक्ती खर्च होते. पण तोच खेळ मैदानात खेळला तर लागेल तेवढी होत नाही. मुलांच्या रोजच्या व्यायामात धरावी इतकी तर नाहीच.

दुसरा अभ्यास टोकियोचा, २०१० सालचा, मोठ्या माणसांवरचा. बंद खोलीत माणसाला खेळायला लावायचं आणि खोलीतल्या हवेवरून त्याने किती शक्ती खर्च केली ते काढायचं, अशी पद्धत होती. वी स्पोर्ट्स आणि वी फिट या दोन डिस्कवरच्या ६८ हालचाली तपासल्या. त्यातल्या दोन तृतीयांश हलक्या व्यायामात मोडल्या, एक तृतीयांश मध्यम निघाल्या. जोरदार व्यायामाच्या रांगेत एकही बसली नाही. वी स्पोर्ट्सच्या पाच खेळांत बॉक्सिंग सगळ्यात वर होती, ४.२ मेट. गोल्फ २ मेटवरच थांबलं.

मेट म्हणजे काय? स्वस्थ बसलेल्या माणसाला जेवढी शक्ती लागते ती १ मेट. साधारण ३ ते ६ मेट म्हणजे मध्यम व्यायाम, ६ च्या वर जोरदार. सपाट रस्त्याने ताशी पावणेपाच-पाच किलोमीटर चालणं साडेतीन मेटच्या आसपास येतं. म्हणजे टीव्हीसमोरची बॉक्सिंग नीट खेळली, तर ती झपझप चालण्याच्या बरोबरीची किंवा किंचित वरची. खऱ्या बॉक्सिंगचे आकडे शेजारी ठेवले की अंतर कळतं. लटकवलेल्या पोत्यावर ठोसे मारणं साडेपाच मेट, जोडीदारासोबत सराव जवळपास आठ, आणि प्रत्यक्ष रिंगमधली लढत बाराच्याही वर.

हिशेब सोपा आहे. १ मेट म्हणजे किलोमागे ताशी साधारण १ कॅलरी. ६० किलो वजनाच्या बाईने अर्धा तास ४.२ मेटची बॉक्सिंग केली तर सुमारे १२६ कॅलरी खर्च होतात. त्यातल्या ३० नुसतं बसूनही झाल्याच असत्या. उरल्या ९५ च्या घरात. पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीत साधारण १७५ असतात. त्यामुळे पोट उतरवायला एवढ्यावर विसंबणाऱ्याची निराशा होईल. ताट तेच राहिलं तर वजनकाटा फारसा हलत नाही.

शुगर आणि बीपीवाल्यांसाठी मात्र हा आकडा कमी लेखायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेनुसार मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हवा. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झाला की खालची हद्द गाठली. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अहवालात आहे. ज्या घरातून फिरायला जाणंच होत नाही, तिथे चार भिंतींत झालेलं झपझप चालणं ही छोटी गोष्ट नव्हे. अट एकच, ४.२ हा आकडा खरोखर हात-पाय हलवणाऱ्याचा आहे. मनगट झटकणाऱ्याला तो लागू नाही.

ठोसा पायातून सुरू होतो

कुठलाही बॉक्सिंगचा वस्ताद पहिले काही दिवस पायच शिकवतो. गेम ते शिकवत नाही किंवा वरवर शिकवतो, म्हणून ते स्वतः करावं लागतं.

डावा पाय पुढे, उजवा मागे, दोन्हींत खांद्याएवढं अंतर. डावऱ्या माणसाने उलट उभं राहावं. गुडघे थोडे वाकलेले, मागची टाच किंचित उचललेली. मुठी गालाजवळ, कोपरं फासळ्यांना लागून. पुढच्या हाताचा सरळ ठोसा म्हणजे जॅब. मागच्या हाताचा सरळ ठोसा मारताना मागची टाच बाहेर फिरते, तिच्यासोबत कंबर वळते, मग खांदा आणि शेवटी मूठ. जात्याचा खुंटा ओढताना जोर नुसत्या हाताचा नसतो, सगळं अंग फिरतं. इथेही अंग तसंच फिरवायचं. हात पुढे गेला तितक्याच वेगाने गालाजवळ परत यायला हवा. त्या परत येण्यातही निम्मी मेहनत आहे, आणि गेम तिचे गुण देत नाही.

पाय जागचे हलते ठेवावेत. ठोशांच्या मध्ये अर्धं पाऊल पुढे, अर्धं मागे. समोरच्याचा वार आला की रिमोट कलवून चुकवता येतो, पण तो गुडघ्यात बसून चुकवावा. एका फेरीत पंधरा-वीस वेळा असं झालं तरी त्या अर्ध्या बैठका झाल्या. मांड्या सांगतीलच.

हवेत मारलेल्या ठोशाचा एक धोका लक्षात ठेवावा. पोत्यावर मारलं की पोतं हात थांबवतं. हवेत थांबवायला कुणी नसतं, तो झटका कोपरावर आणि खांद्यामागच्या बारीक स्नायूंवर येतो. म्हणून कोपर कधीच पूर्ण सरळ होऊ देऊ नये, शेवटचे दोन बोटं अंतर राखावं. हातात डंबेल किंवा मनगटाला वजनाचे पट्टे बांधून हवेत ठोसे मारण्याची हौस तर मुळीच करू नये.

सुरुवात छोटी असावी. पाच मिनिटं जागच्या जागी चालणं आणि खांदे फिरवणं, मग दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एकेक मिनिट फेरफटका. सांधे कुरकुरले नाहीत तर दोन आठवड्यांनी एक फेरी वाढवावी. पुरेसा जोर लागतोय का, हे पाहायला घड्याळ-पट्टा लागत नाही. खेळताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे व्यायाम मध्यम आहे. आरामात गाणं म्हणता आलं तर झटकेच चालले आहेत. दोन शब्दांनंतर धाप लागली तर नवख्याने वेग उतरवावा. पडद्यावरच्या गुणांपेक्षा ही खूण भरवशाची.

पंखा, फरशी आणि मनगटाची दोरी

किनेक्टसमोर एका माणसाला साधारण सहा फूट मागे उभं राहावं लागतं, दोघांना आठ फूट. दिवाण, कपाट आणि धान्याच्या कोठ्या असलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत एवढी मोकळी जागा निघणं अवघडच. दारातून थेट ऊन आत येत असेल तर किनेक्ट गोंधळतं. वीला जागा कमी पुरते, पण हात पसरून चारी बाजूंना काही लागत नाही ना, हे पाहावंच. डोक्यावर पत्रा खाली असेल आणि त्याला पंखा टांगला असेल, तर खालून वर मारायचा ठोसा तिथे बंद. व्हीआरचा डबा डोळ्यांवर लावल्यावर तर खोली दिसतच नाही. त्याला साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा सांगितलेली आहे. रांगतं मूल घरात असताना तो लावूच नये.

घामाने ओली झालेली शहाबादी किंवा टाइल्स निसरडी होते. पायमोजे घालून खेळणं सगळ्यात वाईट. बूट घालावेत, नाहीतर खाली न सरकणारी जाड चटई तरी टाकावी. शुगरमुळे तळपायाची जाणीव कमी झालेल्यांनी अनवाणी खेळूच नये, कारण जखम झालेली कळत नाही.

रिमोटची दोरी मनगटात घालायची, हे सांगायला फार साधं वाटतं. पण २००६ च्या डिसेंबरात निन्टेन्डोवर सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून देण्याची वेळ आली होती. जोरात हात फेकताना रिमोट निसटायचा, बारीक दोरी तुटायची आणि रिमोट सरळ टीव्हीत जायचा. जुनं यंत्र घेणाऱ्याने दोरी जाड आणि शाबूत आहे का, हे पाहून घ्यावं. टीव्ही रिमोटपेक्षा महाग असतो.

खांदा, शुगर, बीपी

२००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं. २९ वर्षांचा माणूस सकाळी उठला तो उजवा खांदा धरूनच. मार लागला नव्हता, जड काही उचललं नव्हतं. आदल्या दिवशी तो तासन् तास वीवर टेनिस खेळला होता. खांद्यामागच्या स्नायूच्या दोरीला सूज आली होती. डॉक्टरांनी गमतीने त्या दुखण्याचं नाव ‘वीआयटिस’ ठेवलं. ठोसे मारताना हाताला लगाम घालायचं काम तोच स्नायू करतो. खेळाची नशा आणि नवी हौस एकत्र आली की पहिल्याच रविवारी दोन तास जातात आणि सोमवारी वेणी घालायला किंवा शर्टाची बाही चढवायला हात वर जात नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी किंवा शुगर झटकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी उपाशीपोटी खेळू नये. जवळ साखर किंवा गूळ ठेवावा. हात थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यांसमोर अंधारी आली तर ती व्यायामाची खूण समजू नये. डोळ्यांच्या पडद्याला शुगरचा त्रास झालेला असेल, बीपी आटोक्यात नसेल, हृदयाचं काही असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावं. ठोसा मारताना श्वास रोखला की बीपी वर जातं. प्रत्येक ठोशाला तोंडाने ‘स्स’ असा श्वास सोडायची बॉक्सरांची सवय याच कामाची. छातीत दाबल्यासारखं झालं, डावा हात किंवा जबडा दुखू लागला तर फेरी पुरी करायला थांबू नये.

पोरांसाठी घ्यायचं का?

‘मोबाईल तरी सुटेल’ म्हणून पोरांसाठी यंत्र घ्यायचं अनेक आई-वडिलांच्या डोक्यात असतं. त्यांनी अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा अभ्यास विचारात घ्यावा. बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनच्या संशोधकांनी ९ ते १२ वर्षांच्या मुलांना घरी वी दिलं. निम्म्यांना अंग हलवायचे गेम, निम्म्यांना बसून खेळायचे. १३ आठवडे अधूनमधून कमरेला यंत्र बांधून त्यांची हालचाल मोजली. २०१२ मध्ये निकाल छापून आला, तेव्हा दोन्ही गटांच्या एकूण हालचालीत फरक निघाला नाही. कुणी जबरदस्ती केली नाही तर मुलं एक तर फारसं जोरात खेळत नाहीत, किंवा तेवढं खेळल्यावर बाकीचा वेळ बसून काढतात. मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल हवी आणि आपल्याकडे त्यासाठी गावाबाहेरचं मैदान, खो-खो, कबड्डी फुकट आहे. पावसाळी दुपारी बहीण-भावांनी बॉक्सिंग खेळावी, पण मैदानाच्या बदल्यात ती देऊ नये.

मोठ्या माणसाचं गणित वेगळं आहे. त्याने ठरवून, वेळ लावून खेळलं तर उपयोग होतो. एकट्यापेक्षा दोघांनी खेळलं तर जास्त दिवस टिकतं. नणंद-भावजयींनी एकमेकींना टीव्हीवर हाणलं तर घरातलं वातावरण सुधारतं की बिघडतं, यावर अभ्यास झालेला दिसत नाही.

जुनं यंत्र घेताना

वीचा एक मोठा फायदा म्हणजे त्याची पिवळी-लाल-पांढरी वायर जुन्या डब्याच्या टीव्हीलाही लागते. नव्या टीव्हीला ती भोकं नसतील तर वेगळा कन्व्हर्टर लागतो. बॉक्सिंगला प्रत्येकी एक रिमोट आणि एक नंचक हवा. नुसता रिमोट घेऊन आलेले लोक परत जातात. दुसऱ्या भागाची डिस्क या यंत्रात चालत नाही, त्यामुळे यंत्र आणि डिस्क एकाच भागातली आहेत ना, ते चालवून पाहावं.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने पाठवलेलं यंत्र थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये घालू नये. तिकडच्या वी आणि एक्सबॉक्स ३६० चे विजेचे डबे त्यांच्या ११०-१२० व्होल्टच्या विजेसाठी बनवलेले आहेत, आपले २३० व्होल्ट त्यांना जाळतात. स्विचचा चार्जर दोन्हीकडे चालतो. मात्र ‘स्विच लाइट’ नावाच्या स्वस्त प्रकारात हातात धरायचे तुकडे सुटे होत नाहीत, ते वेगळे घ्यावे लागतात.

जुन्या पद्धतीच्या एक्सबॉक्स ३६० ला किनेक्ट जोडायला विजेचा आणखी एक अ‍ॅडॉप्टर लागतो. तो हरवलेला असला की बाकी सगळं असून उपयोग नाही. मूव्हच्या दांड्यात आतली बॅटरी असते. वर्षानुवर्षं कपाटात पडलेली असेल तर ती मेलेली असण्याची शक्यता जास्त, म्हणून अर्धा तास चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गेमची डिस्क सोबतच घ्यावी. वीचं ऑनलाइन दुकान २०१९ मध्ये आणि एक्सबॉक्स ३६० चं २०२४ च्या जुलैत बंद झालं, ‘नंतर डाउनलोड करून घेऊ’ हा मार्ग आता नाही.

भरतीवाले आणि यंत्र नसलेले

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरा-पोरींनी याच्या नादी लागू नये. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणं, सोबत १०० मीटर आणि गोळाफेक असते. यातलं काहीच टीव्हीसमोर सुधारत नाही. पाऊस कोसळत असताना एखाद्या दिवशी दम टिकवायला, एवढाच उपयोग.

ताकद वाढवणं हेही या गेमचं काम नव्हे. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम वेगळा करावा, असं आरोग्य संघटनाही सांगते. त्याला तालमीतले जोर-बैठका पुरतात, खर्च शून्य.

आणि यंत्र घ्यायची ऐपत किंवा इच्छा नसेल तरी अडत नाही. खरे बॉक्सर रोज हवेतच ठोसे मारून सराव करतात. ऑलिंपिकमध्ये तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मध्ये एक मिनिट विश्रांती असते. तोच हिशेब मोबाईलच्या टायमरवर लावता येतो. एखादं ढोल-ताशाचं गाणं लावावं. पाठीमागे बल्ब ठेवला की समोरच्या भिंतीवर आपलीच सावली मुठी वर करून उभी राहते.